कपाटातल्या बाहुल्यांची याद

बोईसरला मावशीकडे गेलं की आधी नजर जाते ती शोकेसकडे. काका तारापूरच्या अणुवीज केंद्रात नोकरीला होते. निवृत्तीनंतर वसाहतीतलं क्वार्टर सोडताना जुनं फर्निचर मावशीने सहज देऊन टाकलं, पण सरकत्या काचांचं हे कपाट आणि त्यातल्या चिनी मातीच्या बाहुल्या तिने स्वतः साड्यांत गुंडाळून आणल्या. हंसाची जोडी, छत्रीवाली मुलगी, बासरी वाजवणारा गुराखी. तिच्या लेखी हंससुद्धा बाहुलीच. गेल्या दिवाळीत ती म्हणाली, "एकेकीचा फोटो काढ रे बाळा. कुठली कुणाला द्यायची ते मागे लिहून ठेवते. मागाहून वाद नकोत."

चिनी मातीच्या वस्तूंच्या एका फार जुन्या फोटोमागेही असाच विचार होता. इंग्लंडमधल्या लॅकॉक गावी राहणाऱ्या विल्यम हेन्री फॉक्स टॅलबॉटने १८४४ साली 'द पेन्सिल ऑफ नेचर' हे पुस्तक भागाभागाने काढायला घेतलं. त्यात एकूण २४ छायाचित्रं आली. तिसरं होतं घरातल्या चिनी मातीच्या वस्तूंचं: फळ्यांवर ओळीने मांडलेल्या कपबश्या, किटल्या, फुलदाण्या आणि मधूनमधून छोट्या पुतळ्या. सोबतच्या मजकुरात त्याचं म्हणणं असं, की एवढ्या चित्रविचित्र आकारांची याद शब्दांत लिहायला जो वेळ लागेल, त्याहून थोड्याच जास्त वेळात त्या सगळ्या वस्तू कागदावर उतरतात. आणि उद्या चोरी झालीच, तर हे मुकं चित्र कोर्टात साक्षीला उभं करता येईल. सौंदर्याच्या आधी मालकीची नोंद, हा विचार माणसाला कॅमेरा हातात येताच सुचला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

त्या काळी बाहुल्यांइतकं गुणी गिऱ्हाईक दुसरं नव्हतं. कागदावर चित्र उमटायला वेळ लागायचा आणि जिवंत माणूस तेवढा वेळ स्थिर बसायचा नाही. बाहुली हलत नाही, पापणी लववत नाही. अडचण होती ती रंगांची. त्या कागदाला निळा प्रकाश फार लवकर लागे, लाल जवळजवळ लागतच नसे. त्यामुळे निळी नक्षी फिकी पडून पांढऱ्यात विरायची आणि लाल ओठ काळे उमटायचे.

बाहुल्यांचं स्वतःचं कूळ फोटोंहून जुनं. चिनी माती घडवण्याचं चीनचं गुपित युरोपला शतकानुशतकं उलगडलं नव्हतं. सोनं करून देतो म्हणणाऱ्या योहान ब्योटगरला सॅक्सनीच्या सत्ताधीशाने कोंडून ठेवलं होतं. त्याच्या आणि चिर्नहाउस या शास्त्रज्ञाच्या खटपटीतून सोन्याऐवजी पांढरी चिनी माती निघाली आणि १७१० मध्ये माइसेनला कारखाना उभा राहिला. १७३१ साली तिथे योहान केंडलर हा शिल्पकार आला. तोवर राजेरजवाड्यांच्या मेजवानीत शेवटच्या गोडाच्या वेळी टेबलावर साखरेच्या पुतळ्या मांडत. आपल्या पाडव्याच्या गाठीसारखंच साखरेचं काम, फक्त आकार माणसांचे. त्यांची जागा केंडलरच्या चिनी मातीच्या पुतळ्यांनी घेतली. मावशीच्या गुराख्याची पणजी अशी जेवणाच्या टेबलावर जन्मली.

आपल्या किनाऱ्याला मात्र ही माती नवखी नव्हती. डहाणूच्या पुढे, आज गुजरातेत असलेल्या संजाणला उत्खननात चिनी भांड्यांची खापरं निघाली. तारापूरला विकाजी मेहेरजी या पारशी गृहस्थांनी १८२०च्या सुमारास अग्यारी बांधली, त्या काळात मुंबईचे पारशी व्यापारी चीनमधल्या कँटनशी व्यापार करत होते आणि चिनी भांडी जहाजांतून येत होती. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रविवर्म्याच्या छापील चित्रांवरून जर्मनीत घडवलेल्या चिनी मातीच्या देवमूर्तीही इकडच्या घरांत आल्या.

आणि शब्द पाहा. चिनी मातीचं पोर्सिलेन हे नाव इटालियन भाषेतल्या कवडीच्या नावावरून पडलं. तसाच गुळगुळीतपणा, तशीच चमक. मराठीत दुसऱ्या जातीची बाहुली कचकड्याची. कचकडं म्हणजे मुळात कासवाच्या पाठीचं कवच. सेल्युलॉइड आलं तेव्हा तोच शब्द त्याला चिकटला. कॅमेऱ्याची जुनी फिल्मही त्याच सेल्युलॉइडची. म्हणजे एकीचं नाव कवडीवरून, दुसरीचं कासवावरून, आणि जिच्यावर त्यांचे फोटो उतरले ती पट्टीही दुसरीच्याच जातीची. समुद्राकाठच्या माणसाला हे नातं आवडावं.

मावशीच्या बाहुल्यांनी मला दोन दिवस दमवलं. फ्लॅश मारला की गालावर पांढरा ठिपका. कपाटाच्या काचेतून काढावा तर काचेत मीच. शेवटी एकेक बाहुली बाहेर काढली, खिडकीशी स्टूल ठेवलं, खिडकीवर काकांचं जुनं धोतर पसरलं. उजेड मऊ झाला. पांढऱ्या हंसाची कड पांढऱ्या भिंतीत हरवत होती, म्हणून दोन्ही बाजूंना काळा पुठ्ठा उभा केला. झिलईत त्याची काळी रेघ उमटली आणि मान वेगळी दिसली. कॅमेरा बाहुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर आणला. वरून काढलेल्या फोटोत ती खेळणं दिसते, समोरून काढली की माणूस.

मग प्रत्येकीला उलटी करून तळाचा शिक्काही टिपला. माइसेनच्या मालावर दोन निळ्या तलवारी असतात. तशी एकही सापडली नाही. दोघींच्या तळाशी जपानचं नाव होतं, बाकीच्यांचे तळ कोरे.

छत्रीवालीची करंगळी तुटलेली आहे. ती बाजू भिंतीकडे वळवायला गेलो तर मावशीने हात धरला. "तशीच घे. ती तू तोडलीस, चार वर्षांचा होतास." फोटो छापून आल्यावर त्याच्या मागे तिने माझं नाव लिहिलं.