वायर गेली, खरखर आली

गणपती असो की कोजागिरी, आपल्या सोसायटीच्या कार्यक्रमात "हॅलो, हॅलो, माइक चेक" झाल्याशिवाय नारळ फुटत नाही. आणि ऐन रंगात कॉर्डलेस माइक मुका झाला की सगळे साउंडवाल्याकडे बघतात. पण ही दुखणी माइकच्या जन्मापासूनची आहेत.

१९५३ साली अमेरिकेतल्या शुअर कंपनीने 'व्हॅगाबॉण्ड' हा बिनतारी माइक आणला. कानाच्या यंत्राच्या दोन बॅटऱ्यांवर तो चाले. पल्ला सुमारे ७०० चौरस फुटांचा, म्हणजे एका फ्लॅटएवढा! पुढे १९६४ च्या 'माय फेअर लेडी' चित्रपटात रेक्स हॅरिसन यांनी आधी मुद्रित केलेल्या गाण्यावर ओठ हलवायला नकार दिला. मग त्यांच्या टायमध्ये बिनतारी माइक लपवला गेला. त्या चित्रपटाला ध्वनीचं ऑस्करही मिळालं.

कॉर्डलेस माइक म्हणजे हातातलं छोटं रेडिओ केंद्रच. त्याच्या लहरी रिसीव्हरकडे सरळ जातात, तशाच भिंतींवर आपटूनही जातात. कधी या दोन्ही लहरी एकमेकींना मारतात आणि आवाज क्षणभर गायब होतो. म्हणून चांगल्या रिसीव्हरला दोन अँटेना असतात. माणसाचं शरीरही लहरी शोषून घेतं. त्यामुळे रिकाम्या हॉलमध्ये उत्तम चाललेला माइक गर्दीत रुसतो. दोन माइक एकाच फ्रिक्वेन्सीवर लावले तर भांडण ठरलेलंच.

त्यात जागेची टंचाई. हे माइक बरीच वर्षं टीव्हीच्या रिकाम्या चॅनेलांत गुजराण करत होते. मोबाइल आले आणि ती जागा महाग झाली. अमेरिकेत १२ जून २०१० पासून ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असे माइक वापरायला बंदी आली. २०२० मध्ये ६०० च्या पट्ट्याचा बराच भागही गेला. आपल्याकडे २०२२ च्या लिलावात ७०० चा पट्टा ५जी साठी विकला गेला. तेव्हा कालपर्यंत ठणठणीत असलेला जुना सेट आज खरखरला, तर दोष यंत्राचाच असेल असं नाही.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की बालनाट्यात एखाद्या चिमुरडीला एकच वाक्य असतं. महिनाभर पाठ केलेलं ते वाक्य माइकने गिळलं की परत येत नाही. वार्षिक सभेत एखाद्या वयस्कर सभासदाचा प्रश्न अर्धवट ऐकू आला, तर इतिवृत्तातही तो अर्धवटच उतरतो.

म्हणून कार्यकारिणीला आणि तरुण मंडळींना विनंती: प्रत्येक कार्यक्रमाला नवे सेल घाला. रिसीव्हर टेबलाखाली न ठेवता डोक्याच्या उंचीवर, स्टेज दिसेल असा ठेवा. माइकची जाळी मुठीत धरू नका, शिट्टी वाजते. खालचं टोकही झाकू नका, बहुधा तिथे अँटेना असते. आणि एक वायरवाला माइक स्टँडवर तयार असू द्या. रौप्यमहोत्सवाच्या दिवशी तरी कुणाचं बोलणं अर्धवट राहायला नको.