न लिहिता ओळखलेली संख्या

बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राची 'बीडीएन 711' ही तूर मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला नव्याने सांगायला नको. त्यातला 711 हा आकडा मात्र क्षणभर वाणापासून वेगळा काढून पाहा. अंकांची बेरीज 9, आणि 711 ला 9 ने पूर्ण भाग जातो. याच केंद्राच्या 708 आणि 716 या वाणांचे आकडे आपापल्या अंकांच्या बेरजेने, म्हणजे 15 आणि 14 ने, भागले तर बाकी उरते. तुरीच्या उताऱ्याशी याचा काही संबंध नाही, पण संख्या सिद्धांताचा उंबरठा ओलांडायला एवढे पुरते.

अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जाणाऱ्या संख्येला 'हर्षद' हे नाव दिले द. रा. कापरेकरांनी. 1905 साली डहाणूला जन्मलेले कापरेकर देवळालीच्या शाळेत शिक्षक होते आणि 1962 मध्ये निवृत्त झाले. मार्टिन गार्डनर यांनी 1975 साली 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कुठे जगाचे लक्ष तिकडे गेले. आपल्याकडे त्यांचे नाव बहुधा 6174 या कापरेकर स्थिरांकापाशीच थांबते, याची मला खंत वाटते. कारण त्यांच्या 'डेम्लो' संख्या, ज्यांना डोंबिवली स्थानकाचे जुने नाव मिळाले, तितक्याच देखण्या आहेत.

त्यांतलीच एक पाहा. नऊ वेळा 1 लिहून त्या संख्येचा वर्ग करा: 12345678987654321. ही हर्षद आहे का? अंकांची बेरीज 81. भागाकार मांडायची गरजच नाही. 111111111 मधल्या अंकांची बेरीज 9, म्हणून तिला 9 ने भाग जातो. मग तिच्या वर्गाला 81 ने जाणारच.

आता वर्ग बाजूला ठेवून नुसते एक घेऊ. 111 ला 3 ने भाग जातो. 111 सलग तीनदा लिहिणे म्हणजे 111 ला 1001001 ने गुणणे. या गुणकाच्या अंकांची बेरीज 3, म्हणून आणखी एका 3 ने भाग जातो, आणि नऊ एकांच्या संख्येला 9 ने. तीच कृती पुन्हा केली की 27 एकांना 27 ने, 81 एकांना 81 ने. असे विसाव्या पायरीपर्यंत चढत गेलो, तर 348 कोटी 67 लाख 84 हजार 401 एकांची संख्या होते. ती कोणत्याही वहीत मावणार नाही, तरी ती हर्षद आहे हे आपण आत्ता, अर्ध्या पानात, खात्रीने सांगू शकलो. संख्येचा आकार आणि तिचे ज्ञान या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हे पुस्तक त्यासाठीच लिहिले आहे.

वाचकाकडून भागाकार आणि चिकाटी यांपलीकडे अपेक्षा नाही. सिद्धता वाचताना पेन्सिल हातात असू द्या आणि पहिल्या वाचनात अडलेला परिच्छेद खुशाल ओलांडा.

शेवटच्या प्रकरणात हेच एक अडवून धरतात. 2, 19 आणि 23 एकांच्या संख्या मूळ आहेत. त्यानंतरची मूळ संख्या थेट 317 एकांची. एकांची गणती विभाज्य असेल तर संख्याही विभाज्यच असते. गणती मूळ असली, तर मात्र कसलीच हमी नाही: अकरा एक म्हणजे 21649 गुणिले 513239. अशा मूळ संख्या अनंत आहेत का, हे आजवर कोणालाही सिद्ध करता आलेले नाही.