कॉम्प्युटरची तारीख सारखी मागे जाते? मदरबोर्ड बदलण्याआधी आतला हा सेल बघा

फॉर्म भरायचा शेवटचा दिवस. घरातला जुना डेस्कटॉप चालू केला, तर काळ्या स्क्रीनवर 'सीमॉस चेकसम एरर' आणि 'पुढे जायला एफ-१ दाबा' असं आलं. दाबलं. विंडोज सुरू झालं, पण वेबसाईट काही उघडेना. ब्राउझर म्हणतोय, कनेक्शन सुरक्षित नाही. खाली कोपऱ्यात तारीख बघितली तर १ जानेवारी २००२.

लातूरला आमच्या घरी हे झालं तेव्हा मी शाळेत होते. भावाने सीपीयू उचलून दुकानात नेला. "मदरबोर्ड गेलाय, तीन हजार लागतील," असं उत्तर मिळालं. फॉर्म शेवटी नेट कॅफेवरून भरला. नंतर कुणीतरी सांगितलं म्हणून घड्याळाच्या दुकानातून एक गोल सेल आणून बसवला, आणि त्याच मदरबोर्डवर कॉम्प्युटर पुढे तीन वर्षं चालला.

तर त्या सेलचा आणि वेबसाईटचा संबंध काय?

कॉम्प्युटरची रॅम लाईट गेली की सगळं विसरते. मग बटण दाबल्यावर हार्ड डिस्क कुठली, ती कुठे जोडलीय, विंडोज कुठून उचलायचं, हे त्याला सांगणार कोण? मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये बायोस नावाचा छोटा प्रोग्राम कायमचा भरलेला असतो. विंडोजच्या आधी तो उठतो. पण प्रोग्राम कायमचा असला तरी माहिती बदलत राहते. आज एक डिस्क, उद्या दुसरी.

आयबीएमचा पहिला पीसी १९८१ मध्ये आला (नांदेडचं श्री गुरु गोबिंदसिंघजी इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झालं ते हेच वर्ष). त्यात ही माहिती चक्क बारीक स्विचने द्यायची. मदरबोर्डवर आठ-आठ स्विचच्या दोन पट्ट्या होत्या. फ्लॉपी ड्राइव्ह किती, स्क्रीन कुठली, मेमरी किती, त्याप्रमाणे स्विच खाली-वर करायचे. तारीख तर दर वेळी हाताने टाकायची. एंटर मारून पुढे गेलात की डॉस १ जानेवारी १९८० धरून चालायचं, कारण त्याच्या आधीची तारीख त्याला माहीतच नव्हती.

१९८४ मध्ये आयबीएमने पीसी एटी काढला आणि त्यात मोटोरोलाची एक घड्याळाची चिप टाकली. तिच्यात ६४ बाइट मेमरी होती. त्यातले १४ बाइट घड्याळाचे, उरलेले ५० सेटिंगचे. आजच्या हिशेबात सांगायचं तर 'शुभ सकाळ' दोनदा टाइप केलं की ४५ बाइट संपतात. तेवढ्याच जागेत अख्ख्या कॉम्प्युटरची कुंडली बसायची! ही मेमरी अगदी कमी वीज खाणाऱ्या सीमॉस प्रकारची होती, म्हणून तिला सीमॉस हेच नाव पडलं. एका सेलवर ती वर्षानुवर्षं जागी राहायची.

सेटिंगसोबत त्यांची एक बेरीजही लिहून ठेवलेली असते. सुरू होताना बायोस ती पुन्हा करून बघतं. सेल संपला की आकडे बिघडतात, बेरीज जुळत नाही आणि चेकसमची ती ओळ येते. मग बायोस कंपनीची मूळ सेटिंग भरतं, तारीखही मागे जाते. वेबसाईटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला मुदत असते. तुमच्या कॉम्प्युटरच्या मते साल २००२ असेल, तर आजचं प्रमाणपत्र त्याच्यासाठी अजून सुरूच झालेलं नसतं. म्हणून ब्राउझर अडवतो.

आता आपल्याकडचा प्रश्न. नंतरच्या डेस्कटॉपमध्ये बोर्डावरचं बटण चालू असेल तर सीपीयू बंद असतानाही थोडी वीज मदरबोर्डला मिळते आणि सेलवर भार पडत नाही. पण मराठवाड्यात बोर्डावरचं बटण चालू ठेवून झोपतंय कोण? व्होल्टेजची आणि विजांची भीती. त्यात २००० नंतरच्या दशकातलं लोडशेडिंग आठवा. २००१ पासून एमएस-सीआयटीचे क्लास गावोगाव सुरू झाले, आणि खेड्यात लाईट निम्मा दिवस गायब. तेवढा वेळ सगळा भार त्या सेलवर. शाळेच्या लॅबचंही तेच, उन्हाळ्याची सुट्टी संपली की निम्म्या पीसींच्या तारखा मागे.

कुणी खोडी म्हणून बायोसला पासवर्ड टाकला तर उपायही हाच होता. प्लग काढायचा, सेल थोडा वेळ बाहेर ठेवायचा, पासवर्ड गायब. जुन्या डेस्कटॉपवर हे बहुतेक वेळा चालायचं. लॅपटॉपवर नाही.

पण खरा घोळ सेल बदलल्यानंतर होतो. मूळ सेटिंग परत आली की काही मदरबोर्डवर हार्ड डिस्कची 'साटा मोड' एएचसीआयवरून आयडीई होते किंवा उलटं होतं. विंडोजला ते ओळखू येत नाही आणि निळी स्क्रीन येते. "विंडोज उडालं, फॉर्मॅट मारावं लागेल," असं कुणी म्हणालं तर थांबा. बायोसमध्ये जाऊन तो मोड बदलून बघा. फक्त याच कारणाने निळी स्क्रीन आली असेल तर घरचे फोटो, प्रोजेक्ट, सगळं जागेवर सापडेल.

म्हणून सेल अजून चालू असेल तर आधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढा. त्यासाठी सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ दाबावं लागतं. मग कॉम्प्युटर बंद करून प्लग काढा, बाजूची क्लिप हलकेच दाबा, सेल वर येईल. त्यावर बहुतेक वेळा सीआर २०३२ लिहिलेलं असतं, म्हणजे २० मिमी रुंद, ३.२ मिमी जाड, ३ व्होल्टचा. गंजगोलाई असो की वजिराबाद, घड्याळाच्या दुकानात विचारा. अधिकची खूण वर ठेवून बसवा आणि तारीख लावा. नवा सेल टाकूनही तारीख मागे जात असेल, तरच मदरबोर्डवर संशय घ्या. नव्वदच्या दशकातल्या काही बोर्डांवर गोल सेलऐवजी डकवलेली निळी बॅटरी असायची. ती गळून आजूबाजूची तांब्याची रेष खाते. तिथे मात्र नुसता सेल बदलून भागत नाही.

आताच्या कॉम्प्युटरमध्ये सेटिंग बहुधा फ्लॅश चिपमध्ये राहते, सेल मुख्यतः घड्याळासाठी उरलाय.

काढलेला सेल टेबलावर ठेवू नका. लहान मुलाने गिळला तर तो अन्ननलिकेत अडकून दोन तासांत गंभीर इजा करू शकतो. उलटी करायला लावू नका, त्रास दिसायची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा.