वावर घेताय? नुसत्या सातबाऱ्यावर इसार देऊ नका. फेरफार आणि रजिस्ट्री अशी शोधा

मूल : धान कापून घरी आलं, हातात पैसा आला, की तालुक्यात वावराच्या सौद्यांची बोलणी सुरू होतात. घेणारा बहुतेक वेळा एकच कागद मागतो, सातबारा. तोही व्हॉट्सॲपवर आलेला फोटो. त्यावर विकणाऱ्याचं नाव दिसलं की इसार दिला जातो. नंतर कळतं की बहिणींचा हिस्सा बाकी आहे, किंवा जमीन वर्ग २ ची आहे, किंवा तेच वावर दोन वर्षांपूर्वी दुसऱ्याला रजिस्ट्री करून दिलेलं आहे.

सातबारा खोटा नसतो, पण तो महसुलाचा कागद आहे. जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे त्यावरची नोंद खरी मानली जाते, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. मालकी येते ती खरेदीखतातून, वारसातून, वाटणीतून किंवा सरकारी पट्ट्यातून. म्हणून शोध दोन वाटांनी घ्यावा लागतो. एक वाट तहसीलची: सातबारा, आठ-अ, फेरफार. दुसरी रजिस्ट्री ऑफिसची: खरेदीखत आणि इंडेक्स दोन. दोन्ही वाटा एकाच माणसापर्यंत पोचत असतील तर पुढचं बोला.

आधी सातबारा नीट वाचा

महाभूलेख संकेतस्थळ उघडा. विभाग नागपूर, जिल्हा चंद्रपूर, तालुका मूल, मग गाव निवडा. गाव निवडतानाच पहिली चूक होते. आपल्या भागात एकाच नावाचे दोन-तीन मौजे असतात, कुणाच्या मागे चक, कुणाच्या मागे माल, तुकूम किंवा रिठ. रिठ म्हणजे वस्ती नसलेला मौजा, पण त्याची जमीन कागदावर वेगळीच मोजली जाते. गाव ओळखीचं वाटलं म्हणून बोट ठेवू नका. जुन्या कागदावर मौजा आणि प.ह.नं. म्हणजे पटवारी हलका नंबर काय लिहिला आहे ते जुळवा.

भूमापन क्रमांक माहीत नसेल तर नावाने किंवा आडनावाने शोधता येतं. मराठीतच लिहावं लागतं आणि ऱ्हस्व-दीर्घ बदललं तरी नाव सापडत नाही, म्हणून दोन-तीन प्रकारे लिहून बघा. फुकटातला हा उतारा फक्त माहितीसाठी असतो. बँकेत, कोर्टात किंवा सोसायटीत द्यायला डिजिटल सही असलेला उतारा लागतो. तो डिजिटल सातबारा संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. फोटो आला असेल तर त्यावर विश्वास न ठेवता स्वतः नवीन काढा. १५ रुपयांचा प्रश्न आहे.

आता उतारा समोर धरून चार जागा बघा.

सगळ्यात वर भूधारणा पद्धती. 'भोगवटादार वर्ग १' असेल तर विकायला सहसा अडचण नाही. 'वर्ग २' असेल तर जिल्हाधिकारी किंवा सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय व्यवहार होत नाही. विदर्भात भूदानातल्या जमिनीही आहेत, त्याही विकता येत नाहीत. खातेदार आदिवासी असेल आणि घेणारा बिगर-आदिवासी, तर कलम ३६ आणि ३६-अ लागू होतं. ६ जुलै १९७४ पासून शासनाच्या मंजुरीशिवाय आणि जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय झालेली अशी खरेदी टिकत नाही, जमीन परत जाऊ शकते. वनहक्क कायदा २००६ खाली मिळालेला पट्टा मुलाबाळांकडे वारसाने जातो, पण विकता किंवा दान देता येत नाही. आपल्याकडे वनहक्काच्या जमिनीचा 'सौदा' स्टॅम्प पेपरवर लिहून देणारे भेटतात. त्या कागदाने काहीही मिळत नाही.

दुसरी जागा, नावं आणि त्यांच्या बाजूचे फेरफार क्रमांक. सामायिक खात्यात पाच नावं असतील तर पाचही जणांच्या सह्या लागतील, एकट्या मोठ्या भावाच्या बोलण्यावर जाऊ नका. आणि क्षेत्र बघताना 'एक एकर' या तोंडच्या बोलीवर न राहता हेक्टर-आर वाचा. ४० आर म्हणजे साधारण एक एकर.

तिसरी जागा, इतर अधिकार. बँकेचा बोजा, सेवा सहकारी सोसायटीचा इकरार, विहिरीतला हिस्सा, वाटेचा हक्क, कोर्टाचा मनाई हुकूम, सगळं इथे येतं. कर्ज फिटलं असं विकणारा म्हणत असेल तर बोजा कमी झाल्याचा फेरफार दाखवायला सांगा, नुसता नो-ड्यूजचा दाखला पुरत नाही.

चौथी जागा बरेच जण वाचतच नाहीत. नवीन नमुन्यात प्रलंबित फेरफार आहे की नाही आणि शेवटचा फेरफार कोणता, कधीचा, हे छापलेलं असतं. 'प्रलंबित फेरफार' पुढे काही दिसलं तर थांबा. म्हणजे या जमिनीचं काहीतरी चालू आहे आणि ते अजून उताऱ्यावर आलेलं नाही.

फेरफार : जमिनीची कुंडली

सातबारा आज काय आहे ते सांगतो. ते कसं झालं हे गाव नमुना ६, म्हणजे फेरफार पत्रक सांगतं. नावापुढचा क्रमांक घेऊन तो फेरफार काढा. डिजिटल सहीचे फेरफारही त्याच संकेतस्थळावर मिळतात, जुने तलाठ्याकडे किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात. (पद आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, गावात अजून पटवारीच म्हणतात.)

यात खरा शोध वारसाच्या फेरफारात आहे. बाप वारला, तेव्हा वारस म्हणून कोणाकोणाची नावं लागली? आई, मुलगे आणि मुलीही आहेत का? हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू आहे आणि वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. 'बहिणींनी लिहून दिलं' असं सांगितलं तर विचारा, हक्कसोडपत्र रजिस्टर आहे का? साध्या कागदावरच्या किंवा नोटरीच्या हक्कसोडीने हिस्सा सुटत नाही. लग्न होऊन सावलीला किंवा गडचिरोलीला गेलेली बहीण दहा वर्षांनी दावा लावते तेव्हा चूक तिची नसते, न विचारता घेणाऱ्याची असते.

उलट बाजूनेही बघा. तुम्ही विकत घेत नसाल, पण तुमच्या नकळत तुमचं नाव कमी होतंय का? फेरफाराची नोंद घेतली की हितसंबंधितांना नोटीस द्यावी लागते आणि हरकतीला १५ दिवस असतात, हे कलम १५० मध्ये आहे. ही नोटीस 'आपली चावडी' संकेतस्थळावर गावनिहाय दिसते. पुण्याला किंवा हैदराबादला कामाला गेलेल्या पोरांनी महिन्यातून एकदा आपल्या गावाचं पान उघडून बघावं. हरकत लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं दप्तरात राहत नाही. हरकत आली की मंडळ अधिकारी दोन्ही बाजू ऐकून निर्णय देतो. तो पटला नाही तर ६० दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. नावात किंवा क्षेत्रात लिहिण्याची चूक असेल तर तहसीलदाराकडे कलम १५५ खाली दुरुस्तीचा अर्ज.

रजिस्ट्रीचा शोध

१०० रुपये किंवा जास्त किमतीची जमीन विकली की खरेदीखत नोंदवावंच लागतं. नोंदणी कायदा १९०८ च्या कलम ५७ प्रमाणे स्थावर मिळकतीची नोंदवही आणि तिची सूची कोणीही पाहू शकतं. तुम्ही मालक नसलात तरी. 'तुमचा काय संबंध' असं कोणी विचारलं तर हे कलम सांगा. मृत्युपत्राची वही मात्र सगळ्यांसाठी उघडी नसते.

मोबाईलवर यासाठी नोंदणी व मुद्रांक विभागाची मोफत शोध सेवा आहे. 'उर्वरित महाराष्ट्र' निवडा, मग वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि मिळकत क्रमांक. अडचण अशी की एका वेळी एकच वर्ष शोधता येतं. कंटाळा येतो, पण मागची प्रत्येक वर्षं एकेक करून बघा. भूमापन क्रमांक १२३/१ असेल तर १२३, १२३/१ आणि १२३/१अ असे सगळे टाकून बघा, कारण दस्त टंकणाऱ्याने कसं लिहिलं ते सांगता येत नाही. संकेतस्थळ दिवसा रखडतं. रात्री उशिरा किंवा पहाटे बरं चालतं.

निकालात दस्त क्रमांक, प्रकार, देणारा, घेणारा दिसतो आणि इंडेक्स दोन उघडता येतो. तो फेरफाराशी जुळवा. २०१९ ची खरेदी इंडेक्सवर आहे आणि सातबाऱ्यावर अजून जुनाच माणूस आहे, असं दिसलं तर त्या घेणाऱ्याला शोधून विचारा. रजिस्ट्री आधी झालेली असेल तर हक्क त्याचा, सातबाऱ्यावर नाव कोणाचंही असो. बँकेकडे कागद गहाण ठेवल्याची सूचनाही याच विभागाच्या ऑनलाइन शोधात ई-फायलिंगच्या भागात सापडते. ती कधीकधी सातबाऱ्यावर बोजा म्हणून आलेली नसते.

दस्त नोंदणीचं काम संगणकावर २००२ च्या सुमारास आलं. त्याआधीचा दस्त हवा असेल तर रजिस्ट्री ऑफिसला अर्ज करून शोध फी भरून वही पाहायची. अंदाजे वर्ष आणि देणाऱ्या-घेणाऱ्यांची नावं नेली तर काम लवकर होतं.

आबादी आणि शहरातली जागा

मूल शहरातल्या नगर भूमापन झालेल्या जागेला सातबारा नसतो, मिळकत पत्रिका असते; ती भूमी अभिलेख कार्यालयाची. गावच्या आबादीत लोक ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवतात. तो घरटॅक्सचा कागद आहे, मालकीचा नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झालेल्या गावांत घरांची मिळकत पत्रिका मिळते, आधी ती मागा.

फार जुनं शोधायचं असेल तर

हा भाग आधी मध्य प्रांतात होता. मूल तेव्हाही तहसील होतं. १८९५ मध्ये मुख्यालय चांद्याला नेलं. मालगुजारी १९५१ मध्ये संपली, १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला. त्यामुळे आजोबांच्या काळातले कागद 'सातबारा' या नावाने मागितले तर मिळत नाहीत. बंदोबस्ताची मिसल, १९५४-५५ चा अधिकार अभिलेख, पी-१, खसरा अशी नावं सांगावी लागतात. जात पडताळणीसाठीही हेच कागद लागतात. गावाच्या बोडीवर, तलावावर, सरणाच्या वाटेवर हक्क कोणाचा असा वाद असेल तर निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज मागा. 'आपले अभिलेख' संकेतस्थळावर स्कॅन केलेले जुने कागद आहेत, तिथे आधी तुमचं गाव शोधा, नाही तर तहसीलला नक्कल अर्ज करा.

याच जुन्या कागदांत 'झुडपी जंगल' असा शेरा सापडू शकतो. पूर्व विदर्भातल्या अशा जमिनी वन समजाव्यात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ ला दिला आहे; १२ डिसेंबर १९९६ पूर्वी वाटप झालेल्या जागांसाठी राज्याला केंद्राकडे मंजुरी मागण्याची वाट ठेवली आहे. धुऱ्याला लागून असा तुकडा असेल आणि विकणारा तोही मोजून देत असेल, तर महाभूनकाशावर गट बघा आणि सरकारी मोजणी झाल्याशिवाय पैसे देऊ नका. मोजणीचा अर्ज भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयात, ई-मोजणीतून होतो. मोजणीच्या दिवशी शेजारच्या बांधीवाल्यांना नोटीस गेली आहे ना, ते आदल्या दिवशी स्वतः विचारून घ्या.