चुडाचुडाने लावलेले ग्राही

रसायनग्राही म्हणजे जिवाणूच्या पेशीपटलात रोवलेली लांब, काटकुळी प्रथिने. पाण्यात खाण्याजोगे काही आहे की टाळण्याजोगे, हे जिवाणूला त्यांच्यामुळे कळते आणि तो त्याप्रमाणे पोहतो. या पोहण्याला रसायनानुचलन म्हणतात.

असे पोहणे वेगळ्या जीवांतही दिसते. विल्हेल्म फेफर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने मॅलिक आम्ल भरलेली काचेची केशनळी नेच्याच्या शुक्रपेशींजवळ धरली, तेव्हा त्या नळीत घुसल्या. ही 1884ची गोष्ट. (पावसाळ्यात ओहोळाकाठी वाढणाऱ्या नेच्यांच्या शुक्रपेशीही अशाच पाण्याच्या पापुद्र्यातून अंडपेशीकडे जातात.) पुढे फेफरने तीच नळी जिवाणूंपुढेही धरली. त्यानंतर कित्येक दशके विषय तिथेच घुटमळला, कारण एक शंका फिटत नव्हती: जिवाणू साखरेचा सुगावा घेतो, की ती खाऊन अंगात जोर आला म्हणून तिकडे वळतो?

ती फेडली विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या ज्युलियस ॲडलरने. त्याने फेफरचीच नळी पुन्हा हाती घेतली. गॅलॅक्टोज पचवू न शकणारे ई. कोलाय जिवाणूही गॅलॅक्टोजकडे धावतात, आणि काही पदार्थ पचत असूनही त्यांना ओढत नाहीत, असे त्याने 1969 साली दाखवले. म्हणजे ओळखणारे काहीतरी वेगळे होते. ‘ग्राही’ हे नाव पडले तेव्हा तो रेणू कोणी पाहिलेलाही नव्हता. 1970च्या दशकात पटलात मेथिल गट चिकटणारी प्रथिने सापडली आणि ग्राही ते हेच, असे ठरले.

ई. कोलायमध्ये असे पाच प्रकार आहेत. ‘टार’ ॲस्पार्टेट ओळखतो, ‘टीएसआर’ सेरीन. ग्राही एकटा नसतो, दोन साखळ्यांची जोडी असते. प्रत्येक साखळी पटल दोनदा ओलांडते. बाहेर रेणू पकडणारे डोके, आत लांबलचक दांडा. एकूण लांबी सुमारे 38 नॅनोमीटर आणि तिचा मोठा भाग पेशीच्या आतच. बाहेर ॲस्पार्टेट बसला की पटलातली एक सर्पिल कांडी आतल्या बाजूला सरकते, तीही 0.1 ते 0.2 नॅनोमीटरच. एवढ्या हालचालीने टोकाशी जोडलेल्या ‘चे-ए’ या विकराचे काम मंदावते, कशाभिकेच्या मोटरकडे जाणारा निरोप थांबतो आणि जिवाणू कोलांट्या न घेता सरळ पोहत राहतो. दांड्यावर चिकटणारे मेथिल गट थोड्या वेळाने हा परिणाम पुसून टाकतात. नाहीतर साखरेत बुडालेल्या जिवाणूला पुढची साखर कळलीच नसती.

मांडणी उलगडायला सर्वाधिक वेळ लागला. ग्राही पेशीभर विखुरलेले असावेत, हा समज 1993 साली जॅनिन मॅडॉक आणि लुसी शापिरो यांनी खोडला. ते पेशीच्या टोकांशी दाटीने असतात. 1999च्या स्फटिकरचनेत तीन जोड्या एकमेकींना टेकलेल्या दिसल्या. उल्हास नदीकाठच्या शेलू गावात भातलावणीच्या दिवसांत जे दिसते, त्याचीच ही आठवण: रोप सुटे लावत नाहीत, दोन-तीन रोपांचा चूड बोटांनी चिखलात खोचतात. ग्राहींचा चूड तीन जोड्यांचा, आणि त्यात टार नि टीएसआर मिसळलेलेही चालतात. भाताचे चूड मात्र ओळीत असतात. ग्राहींचे षटकोनात, पोळ्याच्या घरांसारखे. बुडाशी ‘चे-ए’ आणि ‘चे-डब्ल्यू’ यांची कडी त्यांना बांधते. 2009 साली आरियाने ब्रीगेल, ग्रँट जेन्सन आणि सहकाऱ्यांनी क्रायो-इलेक्ट्रॉन टोमोग्राफीने अनेक जातींच्या जिवाणूंत हीच जाळी पाहिली. शेजारच्या षटकोनांतले अंतर सगळीकडे सुमारे 12 नॅनोमीटर. एका ग्राहीला लागलेला धक्का शेजाऱ्यांनाही हलवतो, त्यामुळे निरोप सुमारे 35 पट मोठा होतो. खरे ज्ञानेंद्रिय ही जाळी. सुटा ग्राही तिचा एक टाका.

लावणीआधी रोपांची मुळे ज्या जिवाणू खताच्या द्रावणात बुडवतात, त्यातल्या ॲझोस्पिरिलमकडेही असे ग्राही असतात. ॲझोस्पिरिलम ब्रासिलेन्सच्या जनुकसंचात पन्नासच्या आसपास ग्राही आहेत, ई. कोलायच्या दहापट. त्यांतला ‘टीएलपी-1’ काढून टाकला की हा जिवाणू गव्हाच्या मुळांवर नीट वस्ती करू शकत नाही, हे 2004 साली दिसून आले.