चाल आधी, शब्द मागून

लेखनाला बसताना संगीत हवे की नको, असा प्रश्न वर्गात निघाला की आमचे विद्यार्थी कानाला लावलेल्या बासरीची, सतारीची नावे सांगतात. संगीत म्हणजे लेखनापूर्वीची वातावरणनिर्मिती, ही समजूत आता रूढ झाली आहे. मराठी साहित्याचा इतिहास मात्र काहीसे निराळे सांगतो. संगीताने आपल्याकडे केवळ मनःस्थिती घडविली नाही. शब्द जिच्यात ओतायचे ती मूसही पुष्कळदा त्यानेच आधी तयार करून ठेवली.

याचा सर्वांत जवळचा पुरावा म्हणजे जाते. आमच्या सांगोल्यासह सगळ्या माणदेशात आणि महाराष्ट्रभर पहाटेच्या अंधारात ते फिरत असे. जात्याची घरघर हीच लय आणि हाच सूर. ओवीची पहिली ओळ बहुधा परंपरेने हाती दिलेली असे; ती म्हणून होईतो बाई स्वतःची पुढची ओळ मनात जुळवी. लिहिता न येणाऱ्या स्त्रीचे ते लेखनच होते. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या आणि बाईचे कष्ट हलके झाले, याचा आनंदच आहे. पण जाते थांबले तशी नवी ओवीही थांबत गेली. दुःख, माहेर, पंढरीची ओढ यांपैकी काहीच संपले नव्हते; संपली होती ती लय.

पेशवाईच्या उत्तरकाळात सोलापूरच्या राम जोशींनी ढोलकी-तुणतुण्याच्या साथीने लावणी रचली आणि पुढे ते कीर्तनाकडे वळले. संस्कृत पांडित्य तेच, कवीही तोच. पण फडाची लय वेगळी आणि कीर्तनाची वेगळी.

रंगभूमीवर तर हा क्रम छापील स्वरूपातच सापडतो. 1880 साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले. त्यांनी साकी, दिंडी, लावणी, कानडी पदे अशा लोकांच्या कानांत बसलेल्या चालींवर शब्द बांधले. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी 1896 च्या ‘वीरतनय’मध्ये पारशी रंगभूमीच्या चाली आणल्या. 1911 च्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंबे यांच्या आणि 1916 च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखले यांच्या चाली लाभल्या. संगीत नाटकाच्या जुन्या पुस्तकांत पदाच्या माथ्यावर ‘चाल’ असे लिहून मूळ गीताचा निर्देश केलेला असे. नाटककार आपले ऋण असे उघडपणे मान्य करीत होता.

उलट उदाहरणही आमच्या शेजारचेच आहे. सांगोल्याला लागून असलेल्या आटपाडी तालुक्यातील शेटफळे येथे जन्मलेल्या गदिमांनी 1955-56 मध्ये पुणे आकाशवाणीसाठी ‘गीतरामायणा’ची 56 गीते लिहिली. तेथे शब्द आधी आले आणि सुधीर फडक्यांच्या चाली नंतर. परंतु त्या शब्दांत गेयता आधीपासूनच होती. ओवी, कीर्तन आणि भजन ऐकत वाढलेल्या कानाला लय बाहेरून लावून घ्यावी लागली नाही, असे आम्हांस वाटते.

मग आमचे कोठे चुकले? नाट्यपदे शिकवताना आम्ही वर्षानुवर्षे अलंकार सांगितले, रस सांगितला. माथ्यावरचा ‘चाल’ हा शब्द मात्र ओलांडून पुढे गेलो. ओव्या फळ्यावर लिहिल्या, पण म्हणून दाखविल्या नाहीत. संगीत वजा करून उरलेल्या शब्दांनाच आम्ही साहित्य म्हणत आलो. मग संगीत ही लेखनाभोवतीची सजावट आहे, असे विद्यार्थ्यांना वाटले तर दोष त्यांचा कसा?

म्हणून लिहिताना कोणते संगीत लावावे, याचे उत्तर आम्ही देत नाही. ते बंद केल्यावर तुमच्या वाक्याला त्याची चाल उरते का, एवढेच आता विचारतो.