फौजदारी न्यायाचे शिक्षण : खाकीपलीकडच्या वाटा

पोलीस, अभियोग, न्यायालय आणि कारागृह ही फौजदारी न्यायव्यवस्थेची प्रमुख अंगे होत. त्यांपैकी एक जरी दुबळे राहिले, तरी अपराधी सुटतो किंवा निरपराध अडकतो. म्हणूनच या क्षेत्रात प्रशिक्षित मनुष्यबळाला महत्त्व आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार, सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक विज्ञानाच्या तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करणे आवश्यक ठरते. या तरतुदीच्या अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. साहजिकच अशा तज्ज्ञांची गरज वाढणार आहे. गांधीनगर येथे मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचे संकुल फोंडा येथे असल्याने गोमंतकीय विद्यार्थ्यांना त्यासाठी राज्याबाहेर जाण्याची गरज उरलेली नाही.

विज्ञान शाखेच्या पदवीधरांना प्रयोगशाळा व सायबर तपास, विधी पदवीधरांना अभियोग व न्यायसेवा, तर समाजकार्याच्या पदवीधरांना परिवीक्षा आणि बालन्याय ही क्षेत्रे खुली आहेत. मात्र केवळ गुन्हेशास्त्राच्या पदवीवर सरकारी अभियोक्ता होता येत नाही. त्यासाठी वकिलीची सनद व अनुभव लागतो. त्यामुळे आधी पद निश्चित करावे, त्याची पात्रता तपासावी आणि मगच अभ्यासक्रम निवडावा.